केबल रोज कोण लावणार?

वाचक लिहितात: आमची तेरा वर्षांची पेट्रोल गाडी आता बदलायची आहे. कामासाठी मी रोज जाऊन-येऊन ४६ किलोमीटर गाडी चालवते. साधारण दीड महिन्यातून एकदा आम्ही सगळे ३१० किलोमीटरवर राहणाऱ्या सासू-सासऱ्यांकडे जातो आणि दोन रात्री राहून परततो. गाडी उभी करायला आमची स्वतःची जागा आहे, मात्र तिथे अजून विजेचा पॉइंट नाही. माझ्या पतींचे म्हणणे, प्लग-इन हायब्रिड घ्यावी; तिच्यात दोन्हीकडचे फायदे मिळतात आणि वाटेत बॅटरी संपण्याची धास्ती राहत नाही. मुलगी म्हणते, घ्यायची तर पूर्ण इलेक्ट्रिक घ्या, अर्धवट काही नको. जागेवर पॉइंट नाही म्हटल्यावर विक्रेत्यानेही हायब्रिडच सोयीची पडेल असे सांगितले. मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातील दोन्ही मते विचार करून मांडलेली आहेत, आणि त्यांच्याकडे मी ओघाने येईनच. आधी विक्रेत्याच्या वाक्याविषयी लिहितो, कारण ते ऐकायला अगदी तर्कशुद्ध वाटते आणि तरीही वस्तुस्थिती जवळजवळ त्याच्या उलट आहे. घरी पॉइंट नसेल तर प्लग-इन हायब्रिड सोयीची, असा समज फार पसरलेला आहे. माझ्या मते ज्याच्याकडे गाडी उभी राहते तिथे वीज नाही, त्याने सर्वांत आधी जो पर्याय यादीतून काढावा तो प्लग-इन हायब्रिडचा. असे का, ते नीट समजावे म्हणून या गाड्या आतून कशा असतात ते थोडक्यात पाहू.

नुसत्या ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीला बाहेरून वीज देण्याची सोयच नसते. तिची लहानशी बॅटरी ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवर आणि इंजिनावरच भरते, म्हणून ती शेवटी पेट्रोलवर चालणारी, पण पेट्रोल जपून वापरणारी गाडी असते. प्लग-इन हायब्रिडमध्ये त्याहून बरीच मोठी बॅटरी असते. ती केबल लावून भरता येते, आणि भरलेली असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटर, काही नव्या गाड्यांत त्याहून पुष्कळ अधिक, अंतर इंजिन सुरू न करता कापता येते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसते. गंमत अशी की, या दोन कल्पनांची आज सर्वांना ठाऊक झालेली दोन रूपे एकाच महिन्यात ग्राहकांच्या हाती पडू लागली. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आणि निस्सान लीफ या दोन्ही गाड्यांची विक्री सुरू झाली. व्होल्टमध्ये १६ युनिटांची बॅटरी आणि तिच्या मदतीला पेट्रोल इंजिन होते, तर लीफमध्ये २४ युनिटांची बॅटरी होती आणि दुसरे काहीच नव्हते. तिथल्या सरकारी चाचणीत व्होल्टचा विजेवरचा पल्ला सुमारे ५६ किलोमीटर भरला आणि लीफचा सुमारे ११७. एका भरणीत ११७ किलोमीटर जाणारी गाडी घेऊन गावाबाहेर पडायचे धाडस कोण करणार, हा त्या वेळचा प्रश्न रास्त होता, आणि आपल्या पतींच्या मनातील धास्ती त्याच काळापासून चालत आलेली आहे. मात्र लीफच्या त्या २४ युनिटांच्या जागी आज ५०, ६०, ८० युनिटांच्या बॅटऱ्या आल्या आहेत. प्लग-इन हायब्रिडच्या बॅटरीत त्या मानाने इतकी मोठी झेप दिसत नाही, कारण इंजिन, टाकी, धुराचा नळ आणि मोटर यांनाही त्याच गाडीत जागा द्यावी लागते.

आता विक्रेत्याच्या वाक्याकडे वळू. समजा, प्लग-इन हायब्रिडच्या बॅटरीत वापरण्याजोगी १० युनिटे आहेत आणि विजेवर तिचा पल्ला ५० किलोमीटर आहे. आपले रोजचे अंतर ४६ किलोमीटर. म्हणजे ती बॅटरी रोज संध्याकाळी जवळजवळ रिकामी होणार आणि रोज रात्री न चुकता भरावी लागणार. एक रात्र केबल लावली नाही, तर दुसऱ्या दिवशी आपण पेट्रोल गाडी चालवत असाल, तीही त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा दीड-दोनशे किलो जड असलेली. शिवाय पुष्कळशा प्लग-इन हायब्रिड गाड्यांना जलद चार्जिंगची सोय नसते, त्यामुळे रस्त्यावरच्या जलद केंद्रावर जाऊन अर्ध्या तासात बॅटरी भरून घेण्याचा मार्गही त्यांना बंद असतो. याउलट, ५० युनिटांच्या मध्यम इलेक्ट्रिक गाडीला रोजच्या वापरात १०० किलोमीटरला सोळा युनिटे लागली, तर एका भरणीत ती तीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. आपल्या कामाच्या पाच दिवसांचे एकूण अंतर होते २३०. म्हणजे जागेवर पॉइंट नसला तरी आठवड्यातून एकदा जलद चार्जिंग केंद्रावर थांबून आपली इलेक्ट्रिक गाडी चालू शकेल. ती व्यवस्था फारशी सुखाची नाही आणि खर्चिकही पडेल, पण ती निदान शक्य आहे. पॉइंटशिवायची प्लग-इन हायब्रिड मात्र केवळ नावाला प्लग-इन राहते.

हे फक्त कागदावरचे गणित नाही. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारे उपकरण सक्तीचे आहे. त्या नोंदी गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रमाणपत्रावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांतही कागद आणि रस्ता यांच्यात तफावत होतीच, पण ती २० टक्क्यांच्या आसपास. याचा दोष बहुतांशी यंत्राचा नव्हे. प्रयोगशाळेतील चाचणीत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा रिकाम्या बॅटरीवर चालवतात, आणि मग मालक किती अंतर विजेवर कापील याचा एक अंदाज सूत्रात धरून दोन्हींचा मेळ घालतात. तो अंदाज माणसाच्या शिस्तीविषयी फारच उदार होता. युरोपने हे सूत्र २०२५ पासून कडक केले आहे. त्याआधी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या प्लग-इन हायब्रिडचे विजेवरचे अंतर एकूण अंतराच्या ४५ ते ४९ टक्के आढळले, आणि कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या गाड्यांचे केवळ ११ ते १५ टक्के. पेट्रोलचे बिल दुसरा कोणी भरत असेल तर केबल डिकीतून बाहेर निघत नाही, इतकाच त्याचा अर्थ. हे आकडे वाचून मला कोणावर टीका करावीशी वाटत नाही, कारण दिवसभर दमून घरी आल्यावर पावसात उभे राहून केबल जोडायचा कंटाळा मलाही येईल, विशेषतः ती न जोडताही गाडी उद्या सकाळी मुकाट चालणार आहे हे ठाऊक असेल तर.

मला या दोन गाड्यांतील खरा फरक इथे दिसतो. इलेक्ट्रिक गाडी मालकाला सवय लावते, कारण सवय लागली नाही तर ती चालतच नाही. प्लग-इन हायब्रिड मालकाच्या सवयीवर सर्वस्वी अवलंबून राहते आणि सवय मोडली तर तक्रारही करत नाही. फक्त पेट्रोलचा खर्च वाढत जातो आणि आपल्याला वाटते, गाडीच काही खास नाही.

आता आपल्या घराचा हिशेब मांडू. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर रोजच्या फेऱ्यांचे अंतर ११,५०० किलोमीटर होते. सासरच्या नऊ फेऱ्या, प्रत्येकी ६२० किलोमीटरच्या, म्हणजे सुमारे ५,६०० किलोमीटर. एकूण सतरा हजारांच्या आसपास. प्लग-इन हायब्रिड घेतली, घरी रोज रात्री आणि सासरीही मुक्कामात ती नेमाने भरली, तर रोजचे सगळे अंतर आणि प्रत्येक लांबच्या प्रवासातले पहिले ५० किलोमीटर विजेवर होतील. ही बेरीज एकूण अंतराच्या ७३ टक्क्यांच्या घरात जाते. उरलेल्या अंतराला १०० किलोमीटरला साडेसहा लिटर धरले, तर वर्षाला ३०० लिटर पेट्रोल लागेल. केबल कधीच लावली नाही, तर गाडीच्या वजनामुळे सात लिटर धरून वर्षाचे पेट्रोल १,२०० लिटरच्या आसपास जाईल. एकच गाडी, एकच कुटुंब, तेच रस्ते, आणि फरक चौपट. म्हणून आपल्या पतींचा पर्याय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शिस्तीने वापरली तर ती गाडी आपल्या घरात चांगले काम करील. मात्र त्या शिस्तीसाठी जो पॉइंट बसवावा लागेल तो बसला, की मग इंजिन सोबत वागवण्याचे कारणच बरेचसे उरत नाही.

त्या इंजिनाविषयीही चार गोष्टी सांगायला हव्यात, कारण शोरूममध्ये त्या सहसा कोणी काढत नाही. ‘दोन्हीकडचे फायदे’ या शब्दांत दोन्हीकडची देखभालही आलीच. तेल बदलणे, फिल्टर, स्पार्क प्लग, धुराची यंत्रणा, हे सगळे पेट्रोल गाडीसारखेच करावे लागते आणि वर मोटर, बॅटरी व तिची शीतक यंत्रणा. आपल्यासारख्या वापरात, जिथे इंजिन दीड महिन्यातून एकदाच नीट चालेल, तिथे टाकीतील पेट्रोल जुने होण्याचा प्रश्न येतो. व्होल्टच्या अभियंत्यांनी तो आधीच ओळखून अशी योजना केली होती की, सहा आठवडे इंजिन चालले नाही तर गाडी ते थोडा वेळ चालवण्याची सूचना देई, आणि पेट्रोलचे सरासरी वय वर्षाच्या पुढे गेले की ते जाळून संपवायला लावी. दुसरी गोष्ट थंडीची. काही प्लग-इन हायब्रिड गाड्या बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही, केवळ आतली हवा गरम करण्यासाठी, इंजिन सुरू करतात. तसेच ५० किलोमीटरचा पल्ला हा नव्या बॅटरीचा आणि अनुकूल हवामानाचा असतो. आपले रोजचे ४६ किलोमीटर त्याच्या इतके काठावर आहेत की हिवाळ्यात किंवा गाडी पाच-सहा वर्षांची झाल्यावर शेवटचे काही किलोमीटर इंजिनावरच जातील. आपण हाच पर्याय निवडलात, तर निदान ८० किलोमीटर विजेवर जाणारे मॉडेल पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. आणि चालत्या गाडीत इंजिनाने बॅटरी भरण्याचे बटण असते त्याच्या मोहात पडू नये. पेट्रोल जाळून वीज करायची, ती बॅटरीत साठवायची आणि पुन्हा काढायची, यात प्रत्येक पायरीवर गळती होते.

आता पतींच्या खऱ्या काळजीकडे, म्हणजे ३१० किलोमीटरच्या प्रवासाकडे, येतो. ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही, पण ती आकड्यांत मांडली की तिचा आकार कळतो. ५० युनिटांची इलेक्ट्रिक गाडी मोठ्या रस्त्यावर वेगाने चालवली की १०० किलोमीटरला सोळाऐवजी एकोणीस युनिटांपर्यंत वीज घेते. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १८० किलोमीटरवर चहाला थांबलात, तर ३४ युनिटे खर्च झालेली असतील आणि बॅटरीत तिसरा हिस्सा शिल्लक असेल. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरायला २४ युनिटे लागतील. केंद्राने सरासरी ५० किलोवॅटने, म्हणजे तासाला ५० युनिटे या वेगाने, वीज दिली, तर साधारण अर्धा तास. उरलेल्या १३० किलोमीटरना पंचवीस युनिटे पुरतात, म्हणजे सासरच्या दारात पोहोचताना बॅटरी ३० टक्क्यांच्या आसपास असेल. कडाक्याच्या थंडीत खर्च चतुर्थांशाने वाढला असे धरले, तर पहिल्या टप्प्याअखेर १४ टक्केच उरतील. हे जरा अंगावर येणारे आहे, म्हणून त्या दिवसांत थांबा १५० किलोमीटरवर घ्यावा आणि बॅटरी थोडी जास्त भरावी. याचा अर्थ, तीनशे किलोमीटरच्या वाटेवर एक थांबा, अर्ध्यापासून पाऊण तासाचा. मुलांसह प्रवास करणारे कुटुंब इतके तर थांबतेच, आणि नसेल थांबत तर थांबावे.

हा हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टीही सांगतो. पहिली म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ९० ऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास केवळ हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला पावणेदोनपट ऊर्जा जाते. पेट्रोल गाडीतही हेच घडते, पण तिथे इंजिनाच्या उष्णतेतच इतकी ऊर्जा वाया जात असते की हा फरक डोळ्यांत भरत नाही. दुसरी गोष्ट, बॅटरी ८० टक्क्यांपुढे भरताना वेग फार मंदावतो; भरलेल्या डब्यात शेवटची चार माणसे चढायला जितका वेळ लागतो, तितका आधीच्या चाळीसांना लागलेला नसतो. म्हणून प्रवासात ८० टक्क्यांवर केबल काढून पुढे निघणे शहाणपणाचे. तिसरी गोष्ट, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: केंद्र बंद असणे, त्याच्यापुढे रांग असणे, किंवा देयकाचे ॲप ऐन वेळी रुसणे. म्हणून आपल्या त्या ३१० किलोमीटरच्या वाटेवर एकच जलद केंद्र असेल, तर मी आपल्याला इलेक्ट्रिक गाडी घ्या असे सांगायला धजणार नाही. १२० ते २२० किलोमीटरच्या दरम्यान, वेगवेगळ्या चालकांची, निदान दोन केंद्रे असावीत. हे आपल्याला आजच पाहता येईल. पुढच्या फेरीत आहे त्या पेट्रोल गाडीनेच जा, पण थांबा त्या केंद्रांवर घ्या. किती यंत्रे चालू आहेत, किती गाड्या ताटकळत आहेत, स्वच्छतागृह कसे आहे, रात्री तिथे उजेड आणि माणूस असतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोणत्याही नकाशापेक्षा ही पाहणी अधिक खरी.

सासूबाईंच्या घरी दोन रात्रींचा मुक्काम असतो, ही आपल्या बाजूची फार मोठी जमेची गोष्ट आहे आणि आपण पत्रात ती सहज लिहून गेलात. २३० व्होल्टचे साधे १० अँपिअरचे सॉकेट तासाला सुमारे दोन युनिटे देते. रात्रीचे दहा तास गाडी लावली तर वीस युनिटे, दोन रात्रींत चाळीस. म्हणजे परतीच्या वेळी बॅटरी पुन्हा पूर्ण भरलेली. मात्र त्यासाठी तिथले सॉकेट आणि त्यामागची वायर तितका वेळ तो भार सोसण्याजोगी आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. इस्त्री पंधरा मिनिटे चालते; गाडी दहा तास वीज ओढते. जुन्या घरात, सैल झालेल्या सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी भरणे मला अजिबात मान्य नाही, मग पाहुणे म्हणून गेलेले असा किंवा स्वतःच्या घरात.

बॅटरी किती टिकेल, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तेरा वर्षे एक गाडी सांभाळणाऱ्या घरात तो निघणारच. सुरुवातीच्या लीफ गाड्यांच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची यंत्रणा नव्हती आणि ॲरिझोनासारख्या तप्त प्रदेशात त्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटली. ती बातमी अजूनही लोकांच्या लक्षात आहे. आज बहुतेक गाड्यांत बॅटरीचे तापमान सांभाळणारी यंत्रणा असते, आणि उत्पादक साधारणपणे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. हमीपत्रात हा ७० टक्क्यांचा उल्लेख आहे ना, हे वाचून घ्यावे, कारण ‘बॅटरीला हमी’ एवढ्या शब्दांना फारसा अर्थ नसतो. इथेही एक गोष्ट लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. आपल्या वापरात प्लग-इन हायब्रिडची लहान बॅटरी वर्षातून अडीचशेहून अधिक वेळा जवळजवळ रिकामी होऊन भरेल, तर इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी सतरा हजार किलोमीटरना पूर्ण भरणीच्या हिशेबाने पंचावन्न-साठ वेळा. लहान बॅटरीचा काही भाग उत्पादक मुद्दाम राखून ठेवतात आणि त्यामुळे ती झिजून लवकर संपत नाही, हे खरे. तरी मोठी बॅटरी कमी दमते, हेही खरेच. बॅटरीचे रसायनही विचारून घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ती वेळोवेळी १०० टक्के भरणे चालते, किंबहुना उत्पादकच तसे सुचवतात. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेली असेल तर रोजच्यासाठी ८० टक्क्यांवर थांबावे आणि पूर्ण भरणी प्रवासाच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवावी. दोन्ही रसायने चांगली आहेत. वागवण्याची रीत तेवढी निराळी.

खर्चाबाबत मी कोणताही दर लिहीत नाही, कारण तो जागोजागी आणि महिनोगणिक बदलतो. आपल्याला उपयोगी पडेल असे एक माप देतो. १०० किलोमीटरला पेट्रोल गाडीचे साडेसहा लिटर, आणि चार्जिंगमधली गळती धरून इलेक्ट्रिक गाडीची साधारण एकोणीस युनिटे. म्हणजे एका लिटरच्या जागी तीन युनिटे. आपल्या घरच्या बिलावरील एका युनिटाचा दर तिप्पट करा आणि पेट्रोलच्या एका लिटरशी ताडून पाहा. मग हेच जलद केंद्राच्या दराने करून पाहा. तो दर घरच्यापेक्षा बराच चढा असतो, आणि काही ठिकाणी तिथे विजेचा फायदा उरतच नाही. म्हणूनच वर मी म्हटले, पॉइंटशिवाय इलेक्ट्रिक गाडी शक्य आहे, पण सुखाची नाही. बचत होते ती घरी गाडी भरण्याने. गाडीची मूळ किंमत, विमा आणि कर यांचा हिशेब आपण आपल्या कोटेशनवरून मांडालच; त्यात पाच वर्षांची देखभाल दोन्ही बाजूंना लिहायला विसरू नका, कारण ती लिहिली की प्लग-इन हायब्रिडचा स्वस्तपणा, जिथे तो असतो तिथे, बराच आटतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगायचे तर, आपल्या जागेवर पॉइंट बसू शकत असेल आणि सासरच्या वाटेवर दोन विश्वासार्ह केंद्रे असतील, तर आपण ५० युनिटांच्या आसपासची किंवा थोडी मोठी पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यावी. मुलीचा निष्कर्ष बरोबर आहे, पण तिचे ‘अर्धवट’ हे विशेषण मला तितकेसे पटत नाही. ज्याचे रोजचे अंतर तीस-चाळीस किलोमीटर आहे, घरी पॉइंट आहे, आणि दर आठवड्याला चार्जिंग केंद्रे नसलेल्या मुलखात दूर जावे लागते किंवा मागे जड ट्रेलर ओढावा लागतो, अशा माणसाला प्लग-इन हायब्रिड हाच नेमका पर्याय आहे. आपण तो माणूस नाही, इतकेच. दीड महिन्यातून एका प्रवासासाठी बाकीचे चाळीस-बेचाळीस दिवस इंजिन आणि टाकीचे ओझे वाहत राहणे मला व्यवहाराचे वाटत नाही.

पॉइंट बसला, पण वाटेवर भरवशाची केंद्रे मात्र नाहीत असे आढळले, तर ८० किलोमीटरच्या पल्ल्याची प्लग-इन हायब्रिड घ्या, आणि केबल लावण्याची पाळी कोणाची हे गाडी घरी येण्याआधीच ठरवा. गाडी रोज आपण चालवता, तेव्हा पर्याय सुचवणारे पती आणि संध्याकाळी केबल जोडणाऱ्या आपण, अशी वाटणी झाली तर ती फार दिवस टिकणार नाही. आणि पॉइंट कोणत्याही प्रकारे बसूच शकत नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, प्लग-इन हायब्रिडच्या जादा बॅटरीचे पैसे भरण्यापेक्षा बाहेरून वीज न लागणारी साधी हायब्रिड घेतलेली बरी. त्याच पेट्रोलमध्ये ती अधिक दूर नेते.

यावरून कामांचा क्रम असा ठरतो की, शोरूमच्या आधी वायरमनला बोलवा. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर, तिला स्वतंत्र एमसीबी, विजेचा धक्का बसण्याआधीच प्रवाह तोडणारे संरक्षण आणि मोजून खात्री केलेले अर्थिंग, एवढे त्याच्याकडून लेखी मागा. मंजूर भार वाढवावा लागणार असेल तर तो अर्ज याच टप्प्यावर करा. रोजच्या ४६ किलोमीटरना सात-आठ युनिटे लागतात, आणि ती साध्या सॉकेटवरही चार तासांत भरतात, त्यामुळे भिंतीवरचा मोठा चार्जर पहिल्या दिवसापासून हवाच असे नाही. वायर मात्र पुढे सात किलोवॅटचा चार्जर जोडता येईल इतकी जाड टाकून घ्या; ती पुन्हा उकरून बदलण्याचा खर्च चार्जरइतका होऊ शकतो. नंतर, निवडलेली गाडी चालवून पाहायला मागाल तेव्हा दहा मिनिटांच्या फेरीवर समाधान मानू नका. आपल्या रोजच्या वाटेवर, आपल्या वेळेला, आतली हवा आपल्याला हवी तितकी थंड किंवा गरम ठेवून ती चालवा आणि परत आल्यावर १०० किलोमीटरला किती युनिटे गेली हा पडद्यावरचा आकडा टिपून ठेवा. वरच्या हिशेबात मी धरलेल्या सोळाच्या जागी तो आकडा घालून सगळी बेरीज पुन्हा करा. आणि नवा पॉइंट बसून त्यावर वीज येईपर्यंत जुनी गाडी विकू नका; तेरा वर्षे चालली आहे, आणखी दोन महिने चालेल.